प्रोटामाइनचा संदेश पडून राहतो, ती 'प्रक्रिया' कशी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. शुक्राणू घडताना संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल, म्हणजेच 'संदेश') प्रक्रियेवर पेशीचा कडक ताबा असतो, असं मी मागच्या लेखात म्हटलं आणि उदाहरण दिलं प्रोटामाइनचं, म्हणजे शुक्राणूतला डीएनए आवळणाऱ्या प्रथिनाचं. त्याचा संदेश तयार होऊनही उंदरात आठवडाभर न वाचता पडून राहतो, म्हणजे त्यावरून प्रथिन बनत नाही. तुमचा आक्षेप असा, की बारावीच्या मुलांना तुम्ही शिकवता त्याप्रमाणे प्रक्रिया म्हणजे संदेशाच्या सुरुवातीला टोपी, नको ते तुकडे कापून उरलेले जोडणं (स्प्लायसिंग) आणि शेवटी 'ए' अक्षरांची पॉली-ए शेपूट, तीही केंद्रकात. पडून राहणं त्यात बसत नाही. शिवाय उदाहरणं सगळी उंदरांची.

व्याख्येपुरतं तुमचं बरोबर आहे. मी तिथे सैल लिहिलं. तो परिच्छेद दुरुस्त केलाय. पण प्रक्रिया आणि साठवण वेगळ्या असल्या तरी एकमेकींपासून सुट्या नाहीत, आणि हे मला ठामपणे सांगायचंय.

शुक्राणूच्या इवल्याशा डोक्यात डीएनए मावायचा तर तो घट्ट आवळावा लागतो. डीएनए एरवी ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं निघून जातात, शेवटी त्यांच्या जागी प्रोटामाइन येतात. एकदा आवळला की जनुकं वाचता येत नाहीत, आणि पेशीचं काम तर बरंच उरलेलं असतं. म्हणून पुढे लागणारे संदेश आधीच लिहून ठेवावे लागतात. ते वेळेआधी वाचले गेले तर? १९९५ साली हे उंदरांत तपासलं गेलं. प्रोटामाइन-१च्या संदेशाचा शेवटचा, प्रथिनात न उतरणारा तुकडा काढून तिथे ग्रोथ हार्मोनच्या जनुकाचा तुकडा जोडला. प्रथिनाच्या मजकुराला हात लावला नव्हता. तरीही शेपूट फुटण्याआधीच्या, अजून गोल असलेल्या पेशींतच प्रोटामाइन बनू लागलं, केंद्रक अवेळी आवळलं गेलं आणि पेशींची पुढची घडण अडली. म्हणजे थांबण्याचा हुकूम त्या शेवटच्या तुकड्यात होता. आणि संदेश कुठे कापायचा, म्हणजेच हा तुकडा किती लांब राहणार, हे ठरतं तुम्ही शिकवता त्याच प्रक्रियेत.

शेपटीचंही तसंच. एरवी लांब पॉली-ए शेपूट असलेला संदेश जोमाने वाचला जातो; प्रोटामाइनचा संदेश मात्र साठवणीत असताना लांब शेपटीचा असतो आणि वाचायला घेतला की ती आखूड होते.

प्रोटामाइनचं जनुक सुरू करणाऱ्या प्रथिनांपैकी एक आहे क्रेम. गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनापूर्वी क्रेमच्या जनुकातून जनुकं दाबणारी रूपं बनतात. पुढे स्प्लायसिंगमध्ये जादा एक्झॉन (संदेशात राखले जाणारे तुकडे) आत घेतले जातात आणि तेच जनुक चालना देणारं प्रथिन बनवतं. मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकामुळे क्रेमचा संदेश एरवीपेक्षा आधीच्या जागी कापला जातो, त्याला अस्थिर करणारे तुकडे गळतात आणि तो टिकतो. एफएसएचचे ग्राही (संप्रेरक ओळखणारी प्रथिनं) मात्र शुक्राणू होणाऱ्या पेशींवर नसतात, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या सर्टोली पेशींवर असतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर अडकलो होतो. क्रेम काढून टाकलेल्या नर उंदरांत गोल पेशींच्या पुढे काही घडतच नाही.

आता माणूस. वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर एझेडएफसी नावाचा भाग आहे. तिथली डॅझ जनुकं आरएनएला चिकटणारी प्रथिनं बनवतात. हा भाग गळालेल्या पुरुषांत शुक्राणू फार कमी असतात किंवा वीर्यात सापडतच नाहीत. त्यासोबत इतरही जनुकं जातात, म्हणून सगळा दोष एकट्या डॅझवर टाकता येत नाही. काहींच्या वृषणातून शुक्राणू मिळतात आणि इक्सीने, म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट बीजांडात सोडून, मूल होतं. मुलगा झाला तर तीच उणीव त्याच्याकडे जाते.

मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे अजून आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. वायचा हा तुकडा आहे की गळालाय, ते नवऱ्याच्या रक्ताच्या नमुन्यावरून कळतं.