बागेत मीठ सोडायच्या आधी हे वाचा

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. "परदेशातली समुद्रकाठची व्हाईट वाईन एवढी महाग का? कारण समुद्राचं मीठ मुळांवाटे द्राक्षात उतरतं! हजार लिटर पाण्यात 5 किलो मीठ ठिबकमधून सोडा, तीच चव नाशिकमध्ये!" खाली मग त्या वाईनमध्ये आंबटपणासाठी लिंबू ॲसिड घालतात, बाटलीत काचेचे खडे निघतात, सल्फाईटने डोकं दुखतं असलं बरंच काही. हसून डिलीट केलं असतं, पण दिंडोरीच्या मेव्हण्याने तोच मेसेज पाठवला, त्याचा सोव्हिन्याँ ब्लाँ ह्या व्हाईट वाईनच्या द्राक्षाचा प्लॉट वायनरीच्या करारावर आहे, आणि खाली विचारतो, "दाजी, दोन ओळींवर ट्राय मारू का?"

अरे बाबा, नको!

आधी साधा हिशोब करू. लिटरला 5 ग्रॅम मीठ म्हणजे पाण्याची ईसी (पाण्यात क्षार किती ह्याचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) 9 च्या आसपास जाते, विहिरीच्या पाण्यात आधीपासून असलेले क्षार तर धरलेच नाहीत. एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, शेतीच्या पाण्याच्या गुणवत्तेवरचा 29 नंबरचा पेपर आहे, 1985 ची सुधारित आवृत्ती, त्यात द्राक्षाचा तक्ता दिलाय: पाण्याची ईसी 1 पर्यंत असेल तर उत्पन्नाला धक्का नाही, 1.7 ला दहा टक्के घट, 2.7 ला पाव माल गेला, 4.5 ला निम्मा आणि 7.9 ला शून्य. फॉरवर्डवाल्याचा डोस शून्याच्याही पुढचा आहे! आणि नुसतं एका हंगामाचं उत्पन्न नाही जात, पानांच्या कडा करपतात, सोडियम काळ्या मातीत बसला की जमीन चोपण होते, पाणी वर साचून राहतं, मग जिप्सम टाकत बसा वर्षानुवर्षं. आपल्याकडे डॉगरिज ह्या काटक जातीच्या खुंटावर कलम करून बागा का लावल्या? पाण्याची टंचाई आणि क्षार, ह्याच दोन गोष्टींना कंटाळून ना? मग हाताने मीठ कशाला कालवायचं.

बरं, समुद्राकाठी असतं तरी काय? थंडावा. चिलीतलं कासाब्लांका खोरं घ्या, पाब्लो मोरांदेने 1982 मध्ये तिथे द्राक्ष लावली. बाग काही किनाऱ्याला चिकटून नाही, मुळं समुद्रापर्यंत जायचा प्रश्नच नाही. पण बाहेर हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे सकाळी धुकं आत येतं, दुपारी गार वारा, घड सावकाश पिकतो. उन्हात द्राक्षातलं मॅलिक ॲसिड भराभर जळतं, तिथे ते टिकतं. हिरव्या मिरचीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास ज्या पायराझिनमुळे येतो तेही गारव्यात जास्त शिल्लक राहतं. त्या वाईनची चटकदार आंबट चव म्हणजे हेच सगळं, कुणी बाहेरून एसेन्स घातलेला नाही. न्यूझीलंडच्या मार्लबरोलाही थंडावा आहेच, वर भरपूर ऊन, म्हणून पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटचा वास आणखी उठून येतो.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. स्पेनच्या गॅलिसियात किनाऱ्याला रियास बाइशास आहे, तिथली अल्बारिन्यो ही व्हाईट वाईन पिऊन बऱ्याच जणांना जिभेवर खारट लागतं, आणि किनाऱ्यालगत वाऱ्यासोबत थोडं मीठ पानांवर येतंही. पण आंबटपणा जास्त आणि साखर जवळपास नाही, की जिभेला तसं भासू शकतं. खरोखर मीठ उतरलेल्या वाईन ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यावरच्या बागांतून निघाल्यात, पण तिथे तो दोष धरतात, त्याचे जास्त पैसे कोणी देत नाही. त्या गॅलिसियातल्या लोकांना खरी डोकेदुखी पावसाची, म्हणून तेही वेली मांडवावर चढवतात, खाली ग्रॅनाइटचे खांब. आपला कुठलाही द्राक्षवाला बघून म्हणेल, हे तर आपलंच.

लिंबू ॲसिडचं तर उलटंच आहे. थंड भागात ॲसिड आधीच जास्त, तिथे ते कमी कसं करायचं ही चिंता असते. टार्टरिक, म्हणजे द्राक्षात असतं तेच ॲसिड, घालून आंबटपणा वाढवायची वेळ आपल्यासारख्या गरम मुलखात येते.

काचेचे खडे म्हणजे पोटॅशियम बायटार्टरेट, त्याच टार्टरिक ॲसिडचा क्षार. बाटली फ्रिजमध्ये राहिली की तळाला बसतं. गरम पाण्यात टाका, विरघळतं. काच विरघळते का हो?

वाईन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाईटने, म्हणजे गंधकाच्या क्षाराने, डोकं दुखतं म्हणे. मग गंधकाची धुरी दिलेले पिवळेधमक बेदाणे मूठमूठ खाताना का नाही दुखत? दमेकऱ्यांना सल्फाईटचा त्रास होऊ शकतो, तेवढं मात्र खरं. बाकीच्यांनी आधी किती ग्लास झाले ते मोजावं.

राहिला प्रश्न मेव्हण्याचा. तशी वाईन नाशिकमध्ये हुबेहूब होणार नाही, फेब्रुवारीची दुपार कोणाच्या हातात नाही. पण ऑक्टोबरची छाटणी कधी घेतली, घडावर पानांची सावली किती ठेवली, साखर चढायची वाट बघत ॲसिड घालवलं का, तोडा पहाटे गारव्यात झाला की उन्हात, हे सगळं हातात आहे. त्याला सांगितलंय, आधी पाण्याचा आणि मातीचा रिपोर्ट काढ, मग वायनरीच्या माणसाशी तोड्याच्या तारखेवर भांड.