मैदानाकडे न फिरकता चाहते कसे व्हावे

तुम्ही इंदूरचे मराठी असाल आणि आपणही कुठल्यातरी संघाचे कट्टर चाहते व्हावं असं मनात येऊ लागलं असेल, तर आयपीएलच्या वाटेला जाऊ नका. तिथे निकाल सगळ्यांना पाठ असतात, थाप मारायला जागाच उरत नाही. भारतीय संघाकडे तर आधीच अख्खा देश सल्लागार म्हणून बसलेला आहे. तुमच्यासाठी योग्य जागा एकच, आपल्या विद्यापीठाचा संघ. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका. इंदूरच्या चारी दिशांना आता इतकी विद्यापीठं झाली आहेत की ज्याची मार्कशीट कपाटात सापडेल ते आपलं म्हणावं. मार्कशीट सापडत नसेल तर जावयाच्या विद्यापीठाला धरा.

या चाहतेपणाची मोठी सोय म्हणजे निकाल कुणालाच ठाऊक नसतो. संघ हरला तर पेपरात काहीच येत नाही. जिंकला तर चार ओळी येतात, वीजकपातीची सूचना आणि प्रवचनाची वेळ यांच्या मधोमध. त्यामुळे सकाळी ठेल्यावर पोह्यांवर जीरावण भुरभुरताना ‘भिया, इस बार अपनी टीम तगडी है’ असं बिनदिक्कत ठोकून देता येतं. समोरचा मान डोलावतो. त्यालाही काही माहीत नसतं, आणि माहीत नाही असं म्हणणं इंदुरी माणसाच्या प्रकृतीला मानवत नाही.

पथ्य एकच पण कडक आहे: मैदानावर जायचं नाही. गेलं की वस्तुस्थितीशी गाठ पडते. तिथे काय असतं? अकरा मुलं, त्यांत दोघांत मिळून पॅडची एक धड जोडी. क्रीडा विभागाचे एक सर, जे मॅनेजरही असतात, कोचही असतात आणि बिलं मंजूर होईपर्यंत संघाचे सावकारही. पाण्याचा कॅम्पर. आणि सीमारेषेबाहेर स्कूटीवर बसलेले एका बॉलरचे वडील. तुम्ही पोचलात की प्रेक्षकांची संख्या एकदम दुप्पट होते. सगळे तुमच्याकडे बघतात आणि दहा मिनिटांत कोणीतरी स्कोअरशीट तुमच्या हातात देतं. झालं, चाहतेपण तिथेच संपलं. स्वतःच्या अक्षरात ‘सर्वबाद 47’ लिहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ठेल्यावर ‘तगडी’ हा शब्द उच्चारू शकत नाही. तेव्हा कोणी आग्रह केलाच तर मैदान फार लांब पडतं, असं सांगा. सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाला वेळेआधी पोचणारे आणि रात्री बाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत पार्किंग शोधणारे आपणच आहोत हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कारण तोही आपल्याच गाडीत मागे बसलेला असतो.

आजचा सामना बघायचा नाही म्हटल्यावर बोलायचं कशावर? इतिहासावर. या बाबतीत इंदूरइतकं भाग्यवान शहर नाही. आपल्याकडे होळकर संघ आहे. सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली, चंदू सरवटे, आणि दरारा असा की 1944-45 ते 1954-55 या 11 हंगामांत रणजी करंडकाचे 10 अंतिम सामने खेळले. 1945-46च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव घोषित केला, एकाच डावात सहा जणांची शतकं. हा आकडा रोज सकाळी दात घासताना म्हणावा. ‘आपल्या विद्यापीठाची बास्केटबॉल टीम यंदा कशी आहे?’ असं कोणी विचारलं तरी उत्तर ‘नऊशे बारा’ हेच. बास्केटबॉलमध्ये एवढे गुण होत नाहीत हे समोरच्याच्या ध्यानात येईपर्यंत तुम्ही जिलेबी संपवून निघालेले असता.

कोणी शंकेखोर म्हणेल की होळकर संघ संस्थानचा होता, त्याचा विद्यापीठाशी काय संबंध? शांतपणे विचारा, संस्थान कुठलं? इंदूरचं. विद्यापीठ कुठलं? इंदूरचं. एवढ्यावर वाद मिटतो. त्या 10 अंतिम सामन्यांपैकी आपण 4 जिंकलो आणि 6 हरलो, ही गोष्ट मात्र आपण होऊन काढू नये. निघालीच तर लगेच डेनिस कॉम्प्टनला पुढे करावं. 1944-45च्या अंतिम सामन्यात मुंबईनं आपल्यापुढे 867 धावांचं लक्ष्य ठेवलं. इंग्लंडचा कॉम्प्टन तेव्हा होळकरांकडून खेळत होता. तो 249 वर नाबाद राहिला, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, आणि आपण 374 धावांनी हरलो. बघा, शेवटचे तीन शब्द हळू म्हटले की तोच पराभव केवढा भरजरी होतो! विद्यापीठाच्या चाहत्यानं ही कला इथेच शिकून घ्यावी, पुढे जन्मभर पुरते.

बडोद्याशी सामना असेल त्या आठवड्यात मात्र इतिहासाचं नावही काढू नका. इंदूरच्या प्रत्येक मराठी घराला बडोद्याचा एक तरी मेहुणा असतोच, आणि त्याला 1947 सालचा अंतिम सामना तोंडपाठ असतो. विजय हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटची भागी 577, बडोद्याच्या 784, आपण एक डाव आणि 409 धावांनी गारद. गोलंदाजी कुणाची होती, हे तो मुद्दाम तुम्हालाच विचारतो. त्यावर एवढंच म्हणावं की तो 577च्या भागीचा विक्रम 2006मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धनेनं 624 करून मोडला. जणू त्या दोघांना आपण शिप्रेच्या पाण्याची शपथ घालून पाठवलं होतं.

आता हंगामाबद्दल. निष्ठावंत चाहत्याला वर्षभर काय काय वाटायला हवं, हे ठरलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आशा वाटावी, कारण प्रवेश चालू असतात आणि कोणीतरी सहा फुटी मुलगा बीकॉमला आल्याची बातमी असते. ट्रायलच्या दिवसांत काळजी वाटावी, कारण तो मुलगा बुद्धिबळ खेळतो असं कळतं. मग एक दिवस स्टेशनवर ‘संघ रवाना’ असा फोटो निघतो. त्यात पुढच्या रांगेत जे सात-आठ जण उभे असतात त्यांपैकी कोणीही रवाना होत नाही. जाणारी मुलं मागे असतात, किटबॅगांवर बसलेली. आरक्षण आरएसीतून कन्फर्म होतंय का ते मोबाइलवर बघत असतात. तुम्ही त्या फोटोत जरूर जावं. प्लॅटफॉर्म तिकिटात एवढा मान दुसरीकडे कुठे मिळत नाही.

त्यानंतर सेमिस्टर परीक्षा आणि विभागीय स्पर्धा एकाच आठवड्यात येतात. कुठल्याही विद्यापीठात त्या येतातच. ग्रहण चुकेल, हे चुकणार नाही. मुलगा पेपर देऊन रात्रीची गाडी पकडतो, सकाळी उतरून थेट मैदानात जातो, संध्याकाळी हरून परत गाडीत बसतो, की दुसऱ्या दिवशी स्टॅटिस्टिक्स. चाहत्यानं यात मन गुंतवू नये. आपण फक्त ‘आजकालच्या मुलांत स्टॅमिना नाही’ असं म्हणून रजई ओढून घ्यावी.

आपल्या वाट्याला आलाय पश्चिम विभाग. म्हणजे क्रिकेटमध्ये वाटेत मुंबई विद्यापीठ. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक 1935-36पासून चालू आहे आणि तो सर्वांत जास्त वेळा मुंबईनंच नेलाय. यात आपली सोय बघा. ‘ड्रॉ कठीण होता’ हे वाक्य नव्वद वर्षं खरं ठरत आलंय, पुढेही ठरेल. तसंच दुसरं कायमचं वाक्य म्हणजे ‘संघ अजून नवखा आहे, घडतोय’. विद्यापीठ स्पर्धांत पंचविशीपुढच्याला खेळूच देत नाहीत, त्यामुळे संघ दरवर्षी नवखाच असणार आणि घडतच राहणार, याची नियमानंच हमी घेतली आहे. मुलं दोन-तीन वर्षांत पास होऊन जातात. त्यांची नावं पाठ करण्याचा त्रास घेऊ नका. ‘तो डावखुरा’ एवढं म्हटलं की भागतं. प्रत्येक संघात एक डावखुरा असतो.

खेळपट्टीला दोष देण्याचा हक्क तर इंदूरला वडिलोपार्जित आहे. 25 डिसेंबर 1997 रोजी नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना तीन षटकांत थांबवावा लागला. चेंडू कुठून उडेल याचा नेम नव्हता. पुढे 2023मध्ये होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाची कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपली, आणि आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ शेरा देऊन तीन दोषांक दिले. आपल्या बोर्डानं अपील केलं. फेरतपासणी झाली, शेरा ‘सरासरीपेक्षा खालचा’ असा झाला आणि तिनाचा एक दोषांक उरला. ज्या गावची खेळपट्टीसुद्धा रीचेकिंगमध्ये वर येते, तिथल्या विद्यापीठानं हरण्याचा एवढा संकोच का बाळगावा? शिवाय शहर 2017पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. त्याच परंपरेत पहिल्याच फेरीत आपला सफाया होतो, असंही कौतुकानं सांगता येईल.

एक विषय मात्र टाळा, पंजाब. विद्यापीठांच्या एकूण कामगिरीसाठी 1956-57पासून मौलाना आझाद करंडक दिला जातो. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं तो वीसहून अधिक वेळा नेलाय. 2020 साली भुवनेश्वरला पहिले खेलो इंडिया विद्यापीठ खेळ झाले, तिथे चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं. ‘ते लस्सी पितात’ एवढ्यावर चर्चा संपवावी. त्यांच्याकडे कोच किती, खेळाडूंच्या हॉस्टेलात जेवण काय, मैदानं किती वाजेपर्यंत उघडी, असं कोणी विचारू लागलं तर त्याला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत घेऊन जा आणि तोंड गोड करा. असल्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की माणूस आपल्या क्रीडा विभागात अर्ज-बिर्ज घेऊन जाऊ लागतो, आणि मग तो चाहता राहत नाही, त्रासदायक नागरिक होतो.

याहून मोठं संकट म्हणजे मुलींचा संघ. तो जिंकतो. खो-खोत किंवा कबड्डीत कधीतरी या पोरी विभागातून थेट पुढे जातात, आणि वर्षभर जमवलेली आपली सगळी कारणं वाया जातात. ड्रॉ त्यांचाही कठीण असतो, पेपर त्यांचेही असतात. किट तर बऱ्याचदा मुलांच्या मापाचं, बाह्या दुमडून घातलेलं. वर घरून रोज संध्याकाळी फोन, अंधार पडायच्या आत निघ म्हणून. तरी जिंकतात. अशा वेळी खऱ्या चाहत्यानं काय करावं? आश्चर्य दाखवावं. ‘अरे वा, मुलींचीही टीम आहे आपली?’ एवढं म्हणून होळकरांच्या 912कडे परत यावं.

राहता राहिला हक्क सांगण्याचा मुद्दा. नियम सोपा आहे. जो मोठा झाला तो आपला, जो झाला नाही तो क्रीडा विभागाचा. राहुल द्रविड 1973मध्ये इंदूरला जन्मला. तो वाढला बंगळुरूला, शिकला तिथेच, हा तपशील झाला. रजत पाटीदार तर अस्सल इथलाच. 2022च्या बंगळुरूतल्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याचं शतक आहे आणि मध्य प्रदेशचा पहिला रणजी करंडक त्याच सामन्यात आला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. ते मुंबईचे, पण मराठी, म्हणजे आपलेच. 1998-99च्या रणजी अंतिम सामन्यात याच बंगळुरूच्या मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते, आणि पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरले होते. मधल्या 23 वर्षांत त्यांनी काय केलं, किती संघ घडवले, मुलांना पहाटे किती वाजता उठवलं, यात शिरू नका. आपण फक्त ‘23 वर्षं’ हा भाग उचलावा. विद्यापीठाच्या संघाबद्दल कोणी कुरकुर केली की म्हणावं, पंडितांनाही वेळ लागला होता, घाई कशाची?

आणि कधी आपल्या विद्यापीठातला एखादा खरंच वर पोचला, तर सत्काराची घाई मात्र करा. तिथे स्पर्धा जबरदस्त असते. ज्या सरांनी त्याचं गाडीभाडं खिशातून भरलं ते हॉलच्या मागच्या दारापाशी उभे असतात. त्यांना ओळखत नसाल तर काही बिघडत नाही, तेही तुम्हाला ओळखत नाहीत, मैदानावर तुम्ही कधी दिसलाच नव्हतात. तुम्ही स्टेजच्या डाव्या पायरीपाशी थांबा, फोटोग्राफर त्या बाजूला असतो. शाल घरचीच न्या, कपाटात गेल्या सत्काराची पडलेली असेलच. फक्त तिच्यावरचं नाव आधी काढून घ्या.