येऊ द्या, येऊ द्या... बास!

सोसायटीत गाडी मागं घेताना वॉचमन उभा राहतो, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत हात हलवतो आणि धप्प आवाज आला की ‘बास!’ म्हणतो. ही कला तुमच्या अंगी असेल तर विमानतळावर नोकरीला लागायला हरकत नाही. हवेत विमान चालवणं सोपंच, तिथं आपटायला असतंय काय! खरं कसब लागतं ते जमिनीवर.

सगळ्यात आधी, पिवळ्या रेघेवर श्रद्धा ठेवा. विमान जमिनीवर ज्या रस्त्यानं धावपट्टीपर्यंत जातं त्या टॅक्सीवेच्या मधोमध आखलेली असते ती. चाक रेघेवर आहे ना, मग पंखांचं पंख बघून घेतील. ती रेघ आपल्याच विमानासाठी आहे का, असल्या चौकशा करू नयेत. २२ डिसेंबर २०१३ च्या रात्री जोहान्सबर्गला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ विमानाला कंट्रोल टॉवरनं ‘बी’ टॅक्सीवेनं जायला सांगितलं होतं. पण ‘बी’ला वळावं लागत होतं आणि समोर ‘एम’ सरळ दिसत होता. गेले सरळ. ‘एम’ अरुंद, विमानाच्या पंखांचा पसारा ६४ मीटर. उजवा पंख शेजारच्या इमारतीत घुसला आणि ऑफिसात बसलेल्या चौघांना किरकोळ लागलं. ऑफिसात बसून विमानाची धडक खायची, घरी सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? ते विमान पुन्हा उडालं नाही.

पंखाचं टोक दिसत नाही म्हणून कुरकुरू नका. मोठ्या विमानांत ते कॉकपिटमधून दिसतच नाही. त्यात पंख मागं झुकलेले, त्यामुळं वळताना टोक अंदाजापेक्षा बाहेरून फिरतं. वळणावर एसटीची शेपटी कशी कडेच्या माणसाला झाडून नेते, तसंच. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या ए३८० विमानानं, म्हणजे पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ८० मीटरच्या धुडानं, पुढं थांबलेल्या छोट्या विमानाच्या शेपटीला पंख लावला आणि ते माणसांसकट गर्रकन फिरवलं. कुणाला इजा झाली नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या तपास मंडळानं सुचवलं, मोठ्या विमानांना टोक दाखवणारा कॅमेरा वगैरे बसवा. आपल्या हप्त्यावरच्या हॅचबॅकला रिव्हर्स कॅमेरा असतो, पण ते असो.

पुशबॅकच्या वेळी, म्हणजे टग नावाचा ट्रॅक्टर विमानाला मागं ढकलतो तेव्हा, पंखाच्या टोकाशी चालायला माणूस असतो, त्याला विंगवॉकर म्हणतात. त्यानं पायलटवर विश्वास ठेवावा, पायलटनं टगवाल्यावर आणि टगवाल्यानं देवावर. मार्च २०२२ मध्ये दिल्लीला स्पाइसजेटचं विमान मागं ढकलताना पंख विजेच्या खांबाला लागला. चूक खांबाची; त्यानं हॉर्न द्यायला नको? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दिल्लीतच, एक मोटार इंडिगोच्या उभ्या विमानाच्या नाकाखाली शिरून चाकाच्या अलीकडं थांबली. सावली बघून गाडी लावायची सवय, दुसरं काय! आणि मे २०२४ मध्ये पुण्याहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान सुमारे १८० प्रवाशांसह धावपट्टीकडं जाताना टगला धडकलं. पुणेकरांना याचं फारसं नवल वाटू नये, इकडं ट्रॅक्टर कुठंही आडवा येतो. ऊस भरलेला नव्हता, हेच नशीब.

तुम्ही नुसते प्रवासी असाल तर एकच करा. पंखामागची खिडकी मागून घ्या. कॅप्टनला न दिसणारं ते टोक तुम्हाला तिथून स्वच्छ दिसतं, त्याच्याकडं सरकत येणारा खांबही. पण उगाच बेल दाबू नका. एअर होस्टेस ऑक्सिजन मास्कचं प्रात्यक्षिक दाखवत असते, तिला मध्येच तोडणं बरं दिसत नाही. पट्टा आवळा, कपाळ काचेला टेकवा आणि मनातल्या मनात म्हणत राहा, येऊ द्या, येऊ द्या...