ऐरोलीचा जांभळा फोटो आणि 'सगळं आधीच लिहून ठेवलं होतं'

पावसाळा लागला की तो फोटो पुन्हा ग्रुपांवर फिरायला लागतो. ऐरोलीतल्या काचेच्या इमारती, रात्र, ओला रस्ता, वरून जांभळा फिल्टर. खाली मजकूर असतो: सायबरपंक (प्रगत यंत्रं आणि बिघडलेला समाज असं अंधारं भविष्य रंगवणाऱ्या विज्ञानकथा) लेखकांनी चाळीस वर्षांपूर्वीच सगळं लिहून ठेवलं, सरकारं संपणार, कंपन्या राज्य करणार, तंत्रज्ञान माणसाला गिळणार, त्यांचं भविष्य म्हणजे आजची नवी मुंबई. ठाण्यापासून पनवेलपर्यंत लोक माना डोलावतात. फोटो झकास आहे, वाद नाही. मजकूर मात्र फुसका आहे.

'सगळं लिहून ठेवलं' इथूनच सुरुवात करू. विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' १९८४ ची, या प्रकारातली बिनीची कादंबरी. तिचा नायक आपला मेंदू थेट संगणकांच्या जाळ्याला जोडतो. हाच गडी इस्तंबूलच्या एका हॉटेलात सार्वजनिक फोनांच्या रांगेवरून चालत जातो आणि तो समोर येईल तसा एकेक फोन एकदाच वाजून गप्प होतो. पलीकडची कृत्रिम बुद्धिमत्ता त्याला गाठू पाहतेय. वाचताना काटा येतो. पण नायकाच्या खिशात मोबाइल असता तर हा प्रसंगच घडला नसता! ज्या यंत्राने आपलं जगणं उलटंपालटं केलं, ते त्या पुस्तकात नाहीच. १९८२ चा 'ब्लेड रनर' सिनेमा नोव्हेंबर २०१९ मधलं लॉस एंजेलिस दाखवतो. तिथे उडत्या मोटारी आहेत आणि पॅन ॲम या विमान कंपनीची झगझगीत जाहिरात आहे. पॅन ॲम १९९१ मध्येच बंद पडली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या घोडबंदर रोडवर उडत होती ती मेट्रोच्या कामाची धूळ.

चुका काढून दात दाखवायचे म्हणून हे सांगत नाही. ही मंडळी ज्योतिषी नव्हती, आपल्या काळाच्या भीतीबद्दल लिहीत होती, आणि तेव्हाच्या अमेरिकेला जपानच्या आर्थिक ताकदीने घाम फोडला होता. म्हणून 'न्यूरोमॅन्सर' जपानमधल्या चिबा शहरात सुरू होते, म्हणून पडद्यावरच्या लॉस एंजेलिसमध्ये जपानी अक्षरं चमकतात. ऐरोलीच्या फोटोवर तो जांभळा रंग चढवणारा नकळत दुसऱ्याची जुनी भीती उसनी घेतोय.

'सरकारं संपणार, कंपन्या राज्य करणार' हे तर सगळ्या सायबरपंकचंही म्हणणं नाही. १९८८ च्या 'अकिरा' सिनेमात २०१९ चं निओ-टोकिओ हादरतं ते लष्कराच्या गुप्त प्रयोगामुळे. कंपन्या तिथे कडेला आहेत. 'घोस्ट इन द शेल'च्या १९९५ च्या सिनेमाची नायिका चक्क सरकारी नोकर. राजीनामा द्यायची तिला मुभा आहे, फक्त जाताना यांत्रिक शरीर आणि त्यातल्या आठवणी सरकारजमा करायच्या. नील स्टीफन्सनच्या १९९२ च्या 'स्नो क्रॅश'मध्ये मात्र अमेरिकेचं सरकार खरंच आक्रसून एका कचेरीएवढं उरलंय. तिथे टॉयलेट पेपरच्या वापराबद्दल लांबलचक परिपत्रक निघतं, आणि ते वाचायला कर्मचाऱ्याला किती मिनिटं लागली याची नोंद होते. फार भरभर वाचलं तरी संशय, फार सावकाश वाचलं तरी संशय. नवी मुंबईतल्या महाप्याच्या आयटी कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या कुणालाही हे वाचून हसू येईल आणि मग येणार नाही.

आता नवी मुंबई. इथे जमिनी घेतल्या कुणी? नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोसाठी राज्य सरकारने, ९५ गावांच्या. सिडको कागदोपत्री कंपनीच आहे, पण मालक सरकार. मग फॉरवर्डवाले तिला कोणत्या खान्यात टाकणार? जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. 'न्यूरोमॅन्सर' आली तेच साल. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणांत 'गरजेपोटी' परवानगीविना बांधलेली घरं आजही नियमित होण्याच्या आश्वासनांवर उभी आहेत. टॉवरांत राबणारी कितीतरी पोरं तिथेच भाड्याने राहतात. ती घरं त्या फोटोत कधीच नसतात, कारण ती धरली तर 'कंपन्यांचं राज्य' हे वाक्य टिकत नाही.

राहिलं 'तंत्रज्ञान माणसाला गिळणार'. गिळणार म्हणजे नेमकं काय, ते मजकूर सांगत नाही. 'स्नो क्रॅश'चा नायक सामान भाड्याने ठेवायच्या गोदामातल्या खोलीत राहतो आणि माफियाच्या कंपनीचा पिझ्झा पोचवतो. पिझ्झा तीस मिनिटांत पोचला नाही तर खुद्द माफियाप्रमुख गिऱ्हाइकाची माफी मागायला येतो, पोचवणाऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. भयंकरच, पण त्या पोराला मालकाचं नाव ठाऊक आहे, आणि गाडी कंपनीची आहे. ऐरोलीत आयटी पार्कच्या गेटवर जेवणाची पिशवी घेऊन थांबलेल्या पोराची बाइक त्याची, पेट्रोल त्याचं. सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहून घेतो, वरून साहेब उतरेपर्यंत दहा मिनिटं जातात, आणि उशिराचा ठपका पोरावर. तक्रार करायची तर ॲपमधल्या चॅटवर, जिथे तयार उत्तरं येतात.

यात तंत्रज्ञानाने गिळलेलं काही नाही. गाडी कुणाची, उशीर कुणाच्या खात्यावर, हे करारात लिहिलेलं असतं, आणि करार माणसं लिहितात. राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवर राबणाऱ्या कामगारांची नोंदणी आणि कल्याणनिधी यांचा कायदा केला. म्हणजे संपलेलं म्हणून जाहीर झालेलं सरकार तिथे विधानसभेत बसून कंपन्यांकडून व्यवहारामागे वर्गणी घ्यायचं ठरवत होतं.