दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली, हे कोणी सांगितलं?

मागच्या महिन्यात मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर लाल दिवे, मधे लवंगांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'दाताची कधीच इमर्जन्सी नसते! डॉक्टर घाबरवून पैसे उकळतात. हे ७ उपाय जपून ठेवा.' तोच मेसेज मला त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही आला. मी वाचला, हसले आणि पुढे गेले. मामा मात्र पुढे गेले नव्हते. ते त्याप्रमाणे वागून राहिले होते.

मामा नागपुरात मानेवाड्याला राहतात. वय ६२, शुगर आहे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटत नाही. खालची उजवी अक्कलदाढ कधीपासून किडलेली.

मेसेजमधले सात मुद्दे क्रमाने घेत नाही, कारण दुसरा मुद्दा माणूस मारणारा आहे. तो असा: 'दुखणं थांबलं की दाढ बरी झाली समजा. सूज आली तर गरम मिठाची पुरचुंडी शेका, पू आपोआप फुटून जातो.'

दाताच्या आत जिवंत नस असते. कीड तिथवर पोचली की ठणका लागतो, रात्री आडवं झालं की जास्तच. काही दिवसांनी ती नस मरते आणि ठणका एकदम थांबतो. थांबणारच, कळ नेणारं कोणी उरलंच नाही ना! जंतू मात्र तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मामांचा ठणका मंगळवारपासून होता, शनिवारी सकाळी गेला. मामी फोनवर म्हणाली, "आता दुखून नाही राहिलं, बरं आहे." रविवारी गाल सुजला, तर ती तव्यावर खडेमीठ तापवून जुन्या बनियनच्या तुकड्यात बांधून शेकत बसली. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.

रात्री साडेनऊला मी पोचले. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे वाकून बसलेले, हातात स्टीलचा गिलास. दर मिनिटाला त्यात लाळ थुंकत होते. मला वाटलं मळमळतंय. तसं नव्हतं, त्यांना स्वतःची थुंकी गिळता येत नव्हती. बोलले तर आवाज तोंडात गरम भजं धरल्यासारखा. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. हनुवटीखाली हात लावला, दोन्ही बाजूंनी सूज, आणि ती मऊ नाही, पाटासारखी कडक. आणि एवढं असून विचारलं तर मान हलवून सांगत होते, दुखत नाही म्हणून.

ह्याला लुडविग अँजायना म्हणतात. नावावरून हृदयाचा आजार वाटतो, पण अँजायना हा शब्द मुळात गळा आवळण्यावरून आला आहे. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग ह्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये ह्याचं वर्णन केलं. खालच्या शेवटच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पडद्याच्याही खाली जातात. म्हणून तिथला पू तोंडात न फुटता हनुवटीखालच्या पोकळ जागेत पसरतो, जिभेला वर आणि मागे ढकलतो, आणि श्वासाची वाट बुजत जाते. अँटीबायोटिक येण्याआधी ह्यात निम्म्याहून जास्त रोगी दगावत. आज बहुतेक वाचतात, पण वेळेवर पोचले तर. शुगर असलेल्यांना धोका जास्त.

आता त्या शेकाचं. दातातून आलेल्या सुजेला बाहेरून शेक देऊ नका, असंच दाताचे डॉक्टर सांगतात. कोमट मिठाच्या पाण्याने तोंडातून खळखळून गुळण्या करा, ते वेगळं. हो, कधीकधी हिरडीवर पुळी येऊन पू फुटतो आणि हलकं वाटतं, तेवढं खरं आहे. पण पू गेला तरी दात तसाच सडका राहतो. आणि पू तोंडात फुटेल की मानेत उतरेल, हे मिठाच्या पुरचुंडीला कोण सांगणार?

सातवा मुद्दा ह्यालाच जोडून: 'रात्री दाताचा डॉक्टर मिळत नाही, म्हणून सकाळपर्यंत शांत झोपा.' पहिला भाग खरा आहे, दवाखान्याचं शटर बंद असतं. मोहल्ल्यातल्या दोन दवाखान्यांना मी फोन लावून पाहिला, कोणी उचलला नाही. पण अशा रोग्याला दाताच्या खुर्चीवर नेऊन उपयोगच नसतो. त्याला भूलतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि जबड्याचे सर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल लागतं. नागपुरात मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची, कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. १०८ फिरवा. आणि रोग्याला आडवं करू नका, तो वाकून बसला असेल तर बसू द्या, तो श्वासासाठीच तसा बसलेला असतो. आम्ही मामांना गाडीत बसवूनच नेलं. तिथे हनुवटीखाली चीर देऊन नळी टाकली, सलाइनमधून औषधं सुरू केली, दाढ नंतर काढली.

कुठल्या खुणांवर उठायचं तेही सांगून टाकते. सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकते आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, आवाज बदलला, ताप चढला, दम लागतो. ह्यातलं एकही असलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. दात काढल्यावर स्वच्छ कापसाची घडी २०-३० मिनिटं दातांखाली घट्ट दाबूनही रक्त वाहतच असेल, तरीही. थुंकी गुलाबी दिसणं वेगळं, त्याला घाबरू नका, आणि सारख्या चुळा भरू नका. भरलेली चांदी निघाली, कॅप सुटली, दाताचा टवका उडाला, हे सकाळपर्यंत थांबतं. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, घाम फुटतो, बसलं की थांबतं, असं असेल तर तो दात नसून हृदय असू शकतं. तिथे लवंग चघळत बसू नका.

सहावा मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. 'मार लागून पडलेला दात पुन्हा बसत नाही, फेकून द्या.' बसतो हो! दातांच्या दुखापतींवर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटोलॉजी. त्यांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना कुणीही वाचू शकतो. रेशीमबागेच्या मैदानावर पोराच्या तोंडावर बॉल बसला आणि पुढचा पक्का दात मुळासकट हातात आला, असं धरा. दात पांढऱ्या भागाने उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा त्याच्याच थुंकीने हलकेच धुवा. घासायचा नाही, रुमालाने पुसायचा नाही. मुळावर ज्या बारीक पेशी चिकटलेल्या असतात, त्याच दाताला परत धरतात. मग तिथल्या तिथे खाचेत बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. हिंमत होत नसेल तर दात दुधात टाका. मैदानाबाहेर चहाची टपरी असतेच, अर्धा कप थंड दूध मागा. साधं पाणी त्या पेशींना सोसत नाही, तरी कोरडा ठेवण्यापेक्षा ते बरं. तासभर कोरडा राहिला की पेशी बहुधा मेलेल्या असतात. म्हणून दात खाचेत बसवलेला असो की दुधात, तसाच लगेच दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. आणि पोरगं बेशुद्ध झालं असेल किंवा उलट्या करत असेल तर दात विसरा, आधी डोकं दाखवा.

उरलेले मुद्दे झटपट. पहिला, लवंगाचं तेल. मान्य, त्यातल्या युजेनॉलने दाढ थोडा वेळ बधिर होते, दाताचे डॉक्टरही ते सिमेंटात मिसळून वापरतात. कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, दवाखान्यात पोचेपर्यंत. उपचार म्हणून नाही.

तिसरा, 'ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखूची चिमूट दाढेत दाबा.' गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली तर चामडी पांढरी पडून भाजते. आणि तंबाखूबद्दल विदर्भात वेगळं काय सांगायचं? 'दाढ दुखायची म्हणून' गुडाखू (तंबाखूची पेस्ट) लावायला सुरुवात केलेल्या आणि पुढे जन्मभर न सोडलेल्या बाया प्रत्येकाच्या घरी निघतील.

चौथा, 'घरातलं उरलेलं अँटीबायोटिक ३ दिवस घ्या.' मामीने मागच्या वर्षीच्या पायाच्या जखमेची अर्धी स्ट्रिप हुडकून काढलीच होती. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे की ताप वगैरे नसेल तर बहुतेक दातदुखीवर अँटीबायोटिक नको, दातावर उपचार करा. आणि ताप असेल तर ते काम डॉक्टरचं, अर्ध्या स्ट्रिपचं नाही.

पाचवा, वरची दाढ काढली की नजर जाते. नाही जात. डोळ्याच्या नसा वेगळ्या. उलट वरच्या दाताचा पू तसाच ठेवला तर तो डोळ्याभोवती आणि क्वचित मेंदूकडेही जाऊ शकतो. म्हणजे डोळ्याची काळजी असेल तर सडलेला दात काढा!

मामा नवव्या दिवशी घरी आले. हनुवटीखाली पट्टी, जेवणात नुसती पेज. मामीला मी म्हटलं, तो मेसेज ग्रुपवरून काढ. म्हणाली, काढला. काल पाहिलं तर तिने मामांच्या फोनमध्ये 'फक्त माझ्यासाठी डिलीट' दाबलं होतं. ग्रुपवर तो आहे तिथेच आहे, खाली अकरा अंगठे, आणि आतेभावाचं 'खूप उपयुक्त माहिती, धन्यवाद मामा'.