वडिलांनी स्वप्नात पाणी मागितले तेव्हा

गेलेले वडील स्वप्नात आले आणि त्यांनी पाणी मागितले, तर मुलाने त्यातून काय समजावे, या प्रश्नावर गेल्या रविवारी अशोकस्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर दिवेलागणीपासून टपरी बंद होईपर्यंत चर्चा चालली. ती लिहून ठेवावी असे मला वाटले, कारण हा प्रश्न आमच्यातल्याच एकाच्या जिवाला लागलेला होता. भाऊ हे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, नेमाने वारी करणारे गृहस्थ. पितृपक्ष लागल्यापासून त्यांना हे स्वप्न पुन्हा पुन्हा पडत होते. हा पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी केल्याशिवाय वडिलांना गती मिळणार नाही, असे एका परिचिताने त्यांना सांगून टाकले होते. नाशिककरांना हे नवे नाही. स्वप्नात साप दिसला किंवा घरातले गेलेले माणूस काही मागताना दिसले, म्हणून तीन दिवसांच्या त्या विधीसाठी कुठून कुठून माणसे येत असतात. भाऊंना खर्चाची फिकीर नव्हती. वडील खरोखरच तहानलेले असतील का, या एका शंकेने त्यांना पोखरले होते.

कट्ट्यावरच्या आयुर्वेदाच्या वैद्यांनी चरकसंहितेपासून सुरुवात केली. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, पुढे घडणार असलेल्याचे आणि वातपित्तादी दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच प्रकार निष्फळ समजावेत, असे तिथे वैद्याला स्पष्ट बजावले आहे, आणि दिवसा पडलेले, फार छोटे किंवा फार लांबलेले स्वप्नही त्यातच गणले आहे. वडिलांना भाऊंनी उभा जन्म पाहिले, ऐकले, अनुभवले. तेव्हा त्यांचे स्वप्न या पहिल्या प्रकारांतले आहे, त्यावरून दोष काढणे शास्त्राला धरून नाही, असे वैद्यांनी ठामपणे सांगितले. त्यावर रुग्णालयात रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या ताईंनी विचारले, की मग आमची सगळीच स्वप्ने वाया गेली का? वैद्य म्हणाले, की फळ नाही याचा अर्थ ती पुढचे काही सांगत नाहीत एवढाच. ती कशामुळे पडली, हे पाहायला कोणाची हरकत नाही.

महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना एवढेही मान्य नव्हते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांखाली ठरावीक काळाने भराभर फिरतात हे दाखवले, आणि अशा वेळी जागे केलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात हे उघड झाले. पुढे १९७७ मध्ये हार्वर्डच्या हॉबसन आणि मॅकार्ली यांनी असे मांडले, की या अवस्थेत मेंदूच्या बुंध्यातून वर उसळणाऱ्या संदेशांना काही हेतू नसतो. वरचा मेंदू त्यांतून जमेल तशी गोष्ट जुळवतो. तेव्हा जुळवलेल्या गोष्टीत अर्थ शोधणे व्यर्थ आहे, असे सरांचे म्हणणे पडले.

मला हे पटले नाही, आणि मी ते तिथेच बोललो. संदेश कसेही उसळोत, गोष्ट जुळवताना मेंदूने हेच वडील आणि हेच पाणी का उचलले, याचे उत्तर त्या सिद्धान्तात मिळत नाही. शिवाय मेंदू आणि मन यांचे अभ्यासक मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून दाखवले आहे, की बुंधा शाबूत असताना आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप नेहमीसारखी चालू असतानाही, पुढच्या मेंदूतील काही भाग दुखावले तर स्वप्ने थांबतात. आणि त्यांतला एक भाग माणसाच्या ओढीशी, हवेसे वाटण्याशी जोडलेला आहे. झोपेचे संशोधक स्टिकगोल्ड यांचा २००० सालचा प्रयोग तर मला फार मोलाचा वाटतो. स्मृती गमावलेल्या रुग्णांना टेट्रिस हा पडद्यावर ठोकळे रचण्याचा खेळ खेळायला दिला. आपण तो खेळलो हे त्यांना आठवत नव्हते, तरी झोप लागता लागता वरून पडणारे ठोकळे त्यांच्या डोळ्यांपुढे येत होते. जागेपणी जे हाती लागत नाही, तेही आत कुठेतरी साठलेले असते आणि झोपेच्या उंबऱ्यावर वर येते, असा याचा अर्थ मी घेतो.

यानंतर ताईंनी आम्हां कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला. ‘भाऊ, स्वप्नात वडील कुठे असतात?’ भाऊ म्हणाले, खाटेवर. आणि खाटेच्या शेजारी स्टुलावर पाण्याने भरलेला तांब्या असतो, पण तो आपल्याला उचलता येत नाही. ताईंनी पुढे विचारले, ‘शेवटी त्यांना काय झाले होते?’ मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिस चालू होते, दिवसभरात किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांनी मापून दिले होते, आणि ते संपले की वडील हात पुढे करून आणखी मागत. भाऊ ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत आणि तांब्या खोलीबाहेर नेऊन ठेवत. हे त्यांनी इतक्या वर्षांत आमच्यापाशी कधी बोलून दाखवले नव्हते. ताई म्हणाल्या, ‘तुम्ही तेव्हा जास्त पाणी दिले असते, तर ते फुप्फुसांत साठून त्यांचा श्वास कोंडला असता. तुम्ही त्यांना तहानलेले ठेवले नाही, तुम्ही त्यांना जपले.’

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पूर्ण विश्वासाने मांडतो, की स्वप्नाचा अर्थ ते पाहणाऱ्याच्या आयुष्यात असतो. मृताने पाणी मागितले तर अमुक, साप दिसला तर तमुक, अशा स्वप्नफळांच्या कोष्टकांना त्या तांब्याचा पत्ता कधी लागला नसता. श्राद्धाला माझा विरोध नाही. भाऊ दरवर्षी रामकुंडावर तर्पण करतात आणि त्यांनी ते करावे. पण दुःखात असलेल्या माणसाला त्याचे प्रेमच दोष म्हणून दाखवणे आणि भीतीपोटी त्याला विधीला बसवणे मला अन्यायाचे वाटते. सर्वपित्रीला घरी पान वाढायचे आणि त्र्यंबकला जायचे नाही, असे भाऊंनी तिथेच ठरवले.

मात्र स्वप्न म्हणजे केवळ मागचे उगाळणे, हेही भाऊंना मान्य होईना, आणि त्यांनी तुकोबांचा दाखला दिला. नामदेवांनी पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात जागे केले आणि कवित्वाचे काम सांगितले, असे तुकोबाच सांगतात. गुरूच्या भेटीच्या अभंगात तर ‘भोजना मागती तूप पावशेर । पडिला विसर स्वप्नामाजी’ असा तपशील आहे. एवढ्या थोर भेटीतही पावशेर तूप आणि ते द्यायला झालेला विसर तुकोबांनी गाळला नाही, म्हणून तो अभंग मला खऱ्या स्वप्नाची साक्ष वाटतो. सरांनीही यावर आपण होऊन शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांची हकिकत सांगितली: बेडकाच्या हृदयावरचा प्रयोग त्यांना झोपेत सुचला, रात्री उठून केलेले टिपण सकाळी वाचता येईना, दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचले तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. मज्जातंतूंचा संदेश रसायनांतून पोचतो हे सिद्ध करणारा तो प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मूळ कल्पना कितीतरी वर्षे आधीपासून त्यांच्या डोक्यात होती. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे या दोन्ही ठिकाणी लागू पडते; फरक इतकाच, की स्वप्नात दिसलेले या दोघांनी जागेपणी कामाला लावले.

खरा अडसर राहिला तो भविष्याचा. निफाडकडे द्राक्षबाग असलेले अण्णा इतका वेळ ऐकत होते. २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीआधी आपल्याला पहाटे गारांचे स्वप्न पडले होते, आणि पहाटेचे स्वप्न खरे होते, असे ते म्हणाले. सरांनी समजावले, की डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप साधारण दीड तासाने फिरून येते आणि रात्र सरत जाते तशी तिची पाळी लांबत जाते. म्हणून पहाटे स्वप्ने अधिक पडतात, आणि त्यांतूनच जाग येत असल्यामुळे तीच लक्षात राहतात. मग त्यांनी विचारले, ‘अण्णा, ज्या वर्षी गारा पडल्या नाहीत, त्या वर्षी स्वप्न पडले नव्हते का?’ अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले, की घडात साखर भरू लागली की हे स्वप्न बहुतेक दर हंगामात पडते.

वैद्य तरीही अडून राहिले. बाकीची सगळी स्वप्ने आठवणींची निघाली, म्हणून भावी स्वप्नाचा प्रकारच नाही असे ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद तर्काला धरून आहे आणि तो नुसत्या बोलण्याने खोडता येणार नाही. तेव्हा असे ठरले, की येत्या हंगामात अण्णांनी उठल्याबरोबर त्या दिवसाची तारीख घालून स्वप्न लिहावे, पडले नसेल तर तसेही लिहावे, रोज त्या पानाचा फोटो आम्हा सर्वांना पाठवावा, आणि गारा व अवकाळी पावसाची नोंद सरांनी वेगळी ठेवावी. माल काढून झाला की दोन्ही वह्या वैद्यांनीच ताडून पाहायच्या आहेत.