पोक काढून बसू नकोस!

हे वाक्य मी माझ्या मुलाला दोन वर्षं ऐकवलं. जेवताना, अभ्यासाला बसल्यावर, फोटो काढताना. पाठीत हलकी थापही मारायचे. तो खांदे मागे घ्यायचा, मान वर करायचा आणि मिनिटभरात पुन्हा होता तसा. मला वाटायचं, मोबाइलमुळे झालंय, ऐकत नाही.

तेरा वर्षांचा असताना एकदा तो जमिनीवर उशीशिवाय उताणा पडला होता. डोकं टेकवायला त्याला हनुवटी पार छताकडे न्यावी लागत होती. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. बसल्यावर पोक काढणारं मूल आडवं झाल्यावर तरी सरळ व्हायला हवं ना?

डॉक्टरांनी त्याला शर्ट काढून पुढे वाकायला सांगितलं आणि त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. एरवी वाकलेली पाठ एकसारखी गोल दिसते. त्याच्या पाठीला मधेच टोक आलं होतं. मग उभं करून बाजूने एक्स-रे. त्या फिल्मवर पेनाचं टोक ठेवत त्या एकेक मणका दाखवत गेल्या. वरचे विटेसारखे चौकोनी, आणि मधले तीन पुढून दबलेले, पाचरीसारखे. छातीमागच्या मणक्यांचा बाक साधारण 20 ते 45 अंश असतो, त्याचा 62 निघाला. आजाराचं नाव शॉयरमन कायफोसिस. होल्गर शॉयरमन या डॅनिश डॉक्टरांनी 1920 मध्ये हे नोंदवलं होतं की काही मुलांची पाठ सवयीने नाही, तर मणक्यांच्या आकारामुळेच वाकते. एकमेकांना लागून असलेले तीन मणके प्रत्येकी किमान 5 अंशांनी पाचरीसारखे झाले असतील तर हे निदान होतं.

मुलगा सगळं शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी मुद्दाम नव्हतो करत."

त्याची मी माफी मागितली. आणि म्हणूनच ही पोस्ट लिहितेय.

मुलांची पाठ वाकलेली दिसली की आपण सगळे मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती नुसती सवय असतेही. पालथं झोपून छाती उचलायला सांगितली की ती पाठ सरळ होते, व्यायामाने सुधारते. पण काही मुलांची होत नाही, आणि शर्टाच्या आत दोन्ही पाठी सारख्याच दिसतात! शॉयरमन बहुतेक दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान, उंची भराभर वाढताना सुरू होतो. घराण्यात चालतो असंही आढळलंय, नेमकं कारण मात्र अजून सापडलेलं नाही.

रागावण्यात जे महिने जातात ते फार महागात पडतात. पट्ट्याचा (ब्रेसचा) उपयोग हाडं वाढत असतात तोवरच होतो. वाढ थांबली की पाचर तशीच राहते. आमच्या हातात अजून वेळ होता. वर्षभर उशीर केला असता तर कदाचित नसता.

घाबरून जाण्यासारखंही नाही, हे त्याच बैठकीत कळलं. अशा 67 जणांचा सरासरी 32 वर्षं पाठपुरावा करून 1993 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची पाठ इतरांपेक्षा जास्त दुखायची, बरेचजण कमी कष्टाची कामं करत होते, पण संसार, नोकरी सगळं चालू होतं. श्वासावर परिणाम दिसला तो मुख्यतः 100 अंशांपुढे गेलेल्यांत. शस्त्रक्रियेचा विचार साधारण 70-75 अंशांपुढे, दुखणं थांबतच नसेल तर होतो.

आता तो सुती बनियनवर पट्टा घालतो, दिवसाचे बरेच तास. संध्याकाळी पाठीचे आणि मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूंचे व्यायाम. पट्टा टोचतो, कंटाळा येतो, कधी रडूही येतं. अशा वेळी मी नुसती शेजारी बसते.

तुमच्या घरात असं मूल असेल तर त्याला पुढे वाकायला सांगून एकदा बाजूने बघा. टोक दिसलं, किंवा आडवं पडूनही बाक जात नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि एक्स-रे उभ्याने, बाजूने काढायचा का ते विचारा. नुसत्या समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हा बाक मोजता येत नाही.